मंडई पुढे ढकलली आहे

दरेकसा
दि. ३१ ऑक्टोबर २०१८

चि. सौ. पुष्पांजलीस अनेक आशीर्वाद. खुमेंद्ररावांना माझा नमस्कार सांग.

इकडे मी बरा आहे. तुम्हीही दोघं बरे असाल असं धरून चालतो. हलकं धान कापून झालं, भारी अजून उभं आहे. गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखतच होता, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

तू म्हणशील, फोन असताना मामाजींना पत्राची हौस काऊन आली? तुमच्या घरी फोन एकच, तुझ्या जुन्या नंबरचा, आणि तो दिवसभर खुमेंद्ररावांच्या गॅरेजात असतो. मी लावला की ते बिचारे अदबीनं 'बोला' म्हणतात आणि माझी गाडी तिथंच बंद पडते. मी त्यांचा कोण? त्यांच्या बायकोचा आधीचा सासरा. मग कोहमाऱ्याला पाऊसपाणी कसं आहे ते विचारतो आणि ठेवून देतो. मागच्या खेपेला तर उन्हाळा होता. त्यापेक्षा कागद बरा, समोरून कोणी 'बोला' म्हणत नाही.

शाळेचं सांगतो, माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे. वैशाखात तुझं लग्न झालं, तू गेलीस, आणि महिनाभरात इकडे पोरं पळवणाऱ्यांची आवई उठली. ज्याच्या त्याच्या फोनवर तोच व्हिडिओ. बाजाराच्या दिवशी चादरी विकणारा एक परगावचा माणूस लोकांनी घेरला. एकानं त्याचं गाठोडं फेकलं, दुसऱ्यानं काठी आणली. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. ह्याला धाडस म्हणू नकोस. घेरणाऱ्यांतले निम्मे माझ्याच वर्गात शिकलेले, मास्तरवर हात टाकायला लाजले, एवढंच. तो व्हिडिओ मागून घेतला आणि पाहिला. मागच्या दुकानाची पाटी ना मराठीत ना हिंदीत. कुठल्या मुलखातली होती देव जाणे. व्हिडिओ सगळ्या गावानं पाहिला होता, पाटी कोणीच पाहिली नव्हती.

ते मनाला फार लागलं. ह्या लोकांना वाचायला मीच शिकवलं ना! तेव्हापासून सातवीला शनिवारी शेवटचा तास मी वेगळाच घेतो. पोरांनी त्याचं नाव ठेवलं आहे खऱ्याखोट्याचा तास. घरच्या फोनवर आलेलं काहीही घेऊन यायचं आणि त्याची उलटतपासणी करायची. कोणी सांगितलं, कधीचं आहे, कुठलं आहे, आणखी कोणी पाहिलं. परवा एकानं 'आपल्या जिल्ह्यातला दुष्काळ' म्हणून फोटो आणला. आपली नीतू, चमेलीची पोर, उठून म्हणते, "सर, मागं नारळाचे झाडं दिसून राहिले. आपल्याकडं नारळ मारुतीपुढं फुटते, झाडाले लागत नाही." वर्ग हसून हसून लोटपोट. बिसरामदादाची ही नात पुढे वकील होणार, लिहून ठेव.

आता दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला आहे. प्रत्येकानं एक खोटी बातमी वहीत रचून आणायची, अशी की वाचणाऱ्याला खरीच वाटावी. चोराची वाट माहीत असली की घर राखता येतं. सुट्टीनंतर एकमेकांच्या बातम्या पकडायच्या. पोरं जाम खूश आहेत. खोटं बोलायचा अभ्यास त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

घरी काय, तेच. एका माणसाचा भात मला अजून शिजवता येत नाही. अंदाज चुकतो आणि उरतो. चमेलीच्या गाईची चंगळ आहे. तुझी आणि तिलकची खोली बंदच असते. म्हणजे झाडायला उघडतो. झाडून झालं की थोडा वेळ बसतो आणि पुन्हा लावून घेतो.

बरं, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते शेवटी आलं. मास्तर माणसाची प्रस्तावनाच मोठी. आपली दिवाळीनंतरची जत्रा, मंडई, वीस नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. तुम्ही दोघांनी यावं. मंडईला घरोघरच्या लेकी येतात आणि ज्याच्या घरी कोणी आलं नाही त्याचं अंगण लांबूनच ओळखू येतं, हे तुला सांगायला नको. बिसरामदादा थोरल्या भावाच्या हक्कानं म्हणाला, "देऊन टाकलेल्या सुनेले मंडईले बोलावते का कोणी?" मी म्हटलं, मी बोलावतो. लेकरू असतं तर निमित्त झालं असतं, आजोबाला नातू भेटवायला आली असं लोक म्हणाले असते. तसं निमित्त देवानं ठेवलं नाही. तर बिनानिमित्तानं ये. पाहुण्यांना मी सांगून ठेवलं आहे की पुष्पांजली येणार. आता माझी इज्जत तुझ्या हातात आहे. हे गमतीनं म्हटलं, पण अगदीच गमतीनं नाही.

आता खाली काय लिहावं ते कळेना, म्हणून जुनंच लिहितो.

तुझे मामाजी
जागेश्वर


दरेकसा
दि. २१ नोव्हेंबर २०१८

सौ. पुष्पांजलीस आशीर्वाद.

काल मंडई झाली. दुकानं बरीच आली होती. दंडारीचा नाच चांगला झाला, नाटकाला गर्दी होती. तू आली नाहीस. काही अडचण असेल.

मंडईच्या आधी इकडे एक तमाशा झाला. खोट्या बातमीचा अभ्यास दिल्याचं मी लिहिलं होतं. नीतूनं तो वहीऐवजी आईच्या फोनवर केला आणि मैत्रिणीला वाचायला पाठवला. 'आपल्या गावची मंडई नाटक कंपनीच्या तारखेमुळे पुढे ढकलली आहे. आता मंगळवार, सत्तावीस तारखेला. पाहुण्यांनी नोंद घ्यावी. जागेश्वर गुरुजी.' चमेलीनं फोन हातात घेतला, खाली माझं नाव पाहिलं आणि खरंच समजून तो मेसेज पाहुण्यारावळ्यांना पाठवून दिला. तिथून जो सुटला तो आमगावपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला तेव्हा लोक माझ्या दारात. मग घरोघरी फोनाफोनी करून जो तो आपापल्या पाहुण्यांना खरं कळवून मोकळा झाला. तरी काही घरी माणसं कमीच आली आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. तक्रारही गेली. शिक्षण खात्याच्या साहेबांनी पुढच्या मंगळवारी खुलासा घेऊन तालुक्याला बोलावलं आहे. तास बंद ठेवा असा निरोप आहे.

नीतूला विचारलं, बाई गं, माझं नाव कशाला टाकलंस? तर म्हणते, "सर, तुमचं नाव असलं का मंग कोणी इचारत नाही." तिला मी रागावलोही नाही. शंभरपैकी शंभर गुणांचा अभ्यास केला होता पोरीनं.

तुझ्याजवळ माझं पत्रच होतं, त्यामुळे तुझ्या बाबतीत तारखेचा घोळ व्हायचं कारण नाही. तू आली नाहीस ते आली नाहीस.

कणीक मी दुपारपर्यंत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. मग चमेलीला देऊन टाकली. बिसरामदादा येऊन अंगणात बसला. बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. गोंदियाच्या पाहुण्यांनी विचारलं, बहू नहीं आयी क्या? मी म्हटलं, तब्येत ठीक नसेल. खोटं बोललो. सध्या गावात तेवढंच व्हायचं राहिलं होतं.

तुझा संसार आता तिकडे आहे आणि तो नीट व्हावा म्हणूनच मी तो करून दिला. जुन्या घरी यायला तुला संकोच वाटत असेल, खुमेंद्ररावांनाही आवडत नसेल. तुझ्यावर ओझं नको. यापुढे मी बोलावणार नाही.

कळावे,
जागेश्वर पटले


दरेकसा
दि. ९ डिसेंबर २०१८

पुष्पांजली,

फोन तू उचलत नाहीस. काल रात्री खुमेंद्ररावांनी उचलला, 'ती कामात आहे' म्हणाले आणि थोडं थांबून ठेवून दिला. त्या थांबण्यावरूनच मला कळलं की तू शेजारीच असशील. रागावली असशील तर बरोबरच आहे. पण हे पत्र फाडण्याआधी वाच. मग फाड.

सगळं सुरुवातीपासून सांगतो.

साहेबांनी तास बंद करायला सांगितला होता. मी बंद केला. पण पोरांचे चेहरे पाहवेनात. नीतू तर मान वर करीना, शाळेत सगळे तिला 'मंडई' म्हणून चिडवू लागले होते. काल शनिवारी म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. साहेबांना नंतर पाहू, अब्रू तशीही गेलेलीच आहे. फळ्यावर नीतूचाच मेसेज लिहिला, शब्दन् शब्द, खाली माझ्या नावासकट. म्हटलं, चला, ह्याची उलटतपासणी करा. पोरांनी केली. नाटक कंपनीचं नाव काऊन नाही? गुरुजींना फोन करून कोणी विचारलं का? छान चाललं होतं. मग मी विचारलं की खोटं ज्यांना ज्यांना पोचलं, त्या सगळ्यांना खरं पोचलं का? पोरं म्हणाली, हो सर, सगळ्यांना फोन केले होते.

नीतू तेवढी उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, आईनं पुष्पाकाकीलेबी पाठवला होता. फोन नाही केला."

मी खडू ठेवून दिला. पोरांना सुट्टी देऊन टाकली. घंटा व्हायची होती तरी.

तडक चमेलीकडे गेलो. ती अंगणात धान वाळत घालत होती. विचारलं तर म्हणाली, हो, सगळ्यांना गेला त्यात तिलाही गेला असेल, तिचा नंबर अजून फोनात आहेच. आणि खरं काऊन नाही कळवलं? त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही वेड्यासारखं विचारतो आहे. मी माहेरच्यांना फोन केला, म्हणाली, ह्यांच्या बहिणींना केला, पाव्हण्यांना केला. पुष्पा आता कोणाच्या पाव्हण्यांत येते? माझ्या हे ध्यानातच आलं नाही, मामाजी. चमेली खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात पापही नव्हतं. गावात प्रत्येकानं आपापलं माणूस गाठलं, आणि तू कोणाचं माणूस हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. चमेलीला काय बोलू? मी तरी कुठे फोन केला? मी माझ्या पत्राच्या ऐटीत बसून होतो.

तिथून सुचेना कुठे जावं, म्हणून स्टेशनवर गेलो. दुधरामच्या टपरीवर चहा सांगितला. तो धानाच्या चुरणी-मळणीसाठी सासुरवाडीला गेला होता, आत्ताच परतला. कप पुढे ठेवत सहज म्हणाला, "गुरुजी, त्या मंगळवारी तुमची सून आलती ना. दुपारच्या गाडीनं आली न संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी चहा देऊन राहिलो तं घेतला नाही. रडून राहिली होती."

पुष्पा, सत्तावीस तारखेला मी तालुक्याला होतो. साहेबांच्या दारासमोर बाकावर बसून होतो, हातात खुलासा. अख्खा गाव शेतात. तू आलीस तेव्हा ना दुकान, ना झेंडा, मैदानात गुरं. आणि घराला कुलूप.

आता हे सगळं तुझ्या बाजूनं मांडून पाहतो. सासऱ्याचं पत्र येतं, वीस तारखेला ये. मग त्याच सासऱ्याच्या नावानं निरोप येतो, वीस नाही, सत्तावीस. तू नवऱ्याला समजावून, दोन गाड्या बदलून येतेस. मंडई होऊन गेलेली. पाहुणे येऊन गेलेले. दाराला कुलूप. परत गेल्यावर हातात पत्र पडतं की तू आली नाहीस, यापुढे बोलावणार नाही. माझं ते पत्र तू परतल्यावरच मिळालं असणार, आधी मिळालं असतं तर तू आलीच नसतीस. कोणालाही वाटेल की म्हाताऱ्यानं डाव साधला. पाहुण्यांसमोर दिलेली सून दिसायला नको म्हणून तारीख फिरवली आणि वर चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या तासात हे ठेवलं तर माझीच पोरं मला दोषी ठरवतील, इतके पुरावे माझ्याविरुद्ध आहेत.

मी असं केलेलं नाही. तिलकची शपथ घेणार होतो, पण त्याला ह्यात ओढत नाही.

ते दुसरं पत्र मात्र माझंच. ते पोरांनी रचलेलं नव्हतं. दिवसभर अंगणात बसून बसून मन कडू झालं होतं, तेच कागदावर सांडलं. ओझं नको असं मी लिहिलं. ओझं कसलं गं? तिलक गेल्यावर मी जेवणावरून उठून जायचो, आणि तू ताट झाकून माझ्या मागे गोठ्यापर्यंत यायचीस. स्वतःचा नवरा गेलेली पोर सासऱ्याला दोन घास खाऊन घ्या म्हणते! त्या ताटाच्या जोरावर मी आज चालतो-फिरतो आहे. तुझं लग्न मी लावून दिलं म्हणून लोक मला मोठ्या मनाचा म्हणतात. कसलं मोठं मन! तुला जाऊ दिलं त्या दिवशी मांडवातून घरी आलो आणि दार लावून लेकरासारखा रडलो. हे मी तुला कधी सांगणार नव्हतो. लोक विचारतात, करमते का? मी म्हणतो, शाळा आहे ना. शाळा चारला सुटते.

आणि तरी काल दुधरामचं ऐकून मी त्याच्या बाकावर बसलो आणि मला आधी काय झालं असेल ते सांगू? आनंद झाला. तू रडत गेलीस हे ऐकून आनंद व्हावा, काय माणूस आहे मी! पण मी पंधरा-वीस दिवस हेच धरून चाललो होतो की तुला यावंसंच वाटलं नाही. तू आली होतीस. गावानं तुला कोणाच्याच पाव्हण्यांत धरलं नाही आणि तू मात्र आली होतीस. दुधरामनं विचारलं, काय झालं गुरुजी? मी म्हटलं, चहा कडक झाला रे.

आता हे पत्र खरं कशावरून? तू तेच विचारशील आणि विचारायलाच पाहिजे. माझ्या नावानं एक खोटा निरोप तुला गेला, माझ्याच हातचं एक चुकीचं पत्र गेलं. तिसऱ्यावर विश्वास ठेव असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पोरांनाही मी असा भोळेपणा करू देत नाही.

म्हणून मी स्वतः येतो आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं गोंदियाला, तिथून बसनं कोहमारा. बिसरामदादाला सांगितलं. तो म्हणाला, दिलेल्या सुनेच्या घरी सासरा कोणत्या नात्यानं जाईल? लोक हसतील. हसू देत. सध्या हसण्यासाठी लोकांकडे माझ्याशिवाय दुसरं आहे काय?

खुमेंद्ररावांना सांग, त्यांनी गॅरेज बंद ठेवू नये, माझ्यासाठी कामाचा खोळंबा नको. आणि तुला मला पाहायचं नसेल तर दार लावून घे. वाईट वाटून घेणार नाही. तू माझ्या बंद दारासमोर उभी राहिलीस, मी तुझ्या दारासमोर थोडा वेळ उभा राहीन आणि पुढच्या बसनं परत फिरेन.

पण उघडलंस तर एक कर. सवयीनं लगेच लोटा भरून आणशील, तो आणू नकोस. खुमेंद्ररावांनी आग्रह केला तर त्यांनाही थांबव आणि काऊन ते तूच सांग, मला सांगता यायचं नाही. सुनेच्या हातचं पाणी सासरा पितो, मी इतकी वर्षं प्यालोच. पण आपल्यात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. रविवारी मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, पुष्पा.

तुझा बाप
जागेश्वर